पॉकेट मल्टिटूल घेताना किंमत बघायची की घडण? नव्या उद्योजकासाठी पूर्ण हिशोब



भांडवल, कर्ज, मार्केटिंग, ग्राहक या विषयांवर आपण नेहमीच बोलतो. आजचा विषय खिशात मावेल एवढा छोटा आहे. पण जो माणूस एकटाच, दुचाकीवर, ग्राहकाच्या दारात जाऊन काम करतो, त्याच्यासाठी हा विषय रोजच्या कमाईचा आहे. सीसीटीव्ही बसवणारे, आरओ फिल्टरची सर्व्हिस करणारे, सोलर पॅनल लावणारे, ठिबकची दुरुस्ती करणारे, मंडप-डेकोरेशन आणि साउंडवाले, केबल आणि इंटरनेटची जोडणी करणारे, असे तुमच्यापैकी बरेच जण आहेत. काही जण येत्या दोन-चार महिन्यांत असं काही सुरू करणार आहेत.

या सगळ्यांना कधी ना कधी एक प्रश्न पडतोच. ते पक्कड, चाकू, स्क्रू ड्रायव्हर सगळं एकात असलेलं मल्टिटूल घ्यावं का? आणि घ्यायचं तर चारशेचं घ्यावं, दोन हजारांचं की चौदा हजारांचं?

व्हिडिओत वस्तू हातात धरून दाखवता येते, हिशोब मात्र निवांत वाचावा लागतो. म्हणून हा लेख. शेवटपर्यंत वाचा, कारण इथे जी पद्धत सांगतोय ती फक्त मल्टिटूलपुरती नाही. उद्या शिलाई मशीन घ्या, प्रिंटर घ्या नाहीतर मिक्सर घ्या, प्रश्न हेच विचारायचे आहेत.

मल्टिटूल म्हणजे नक्की काय?

घडी घालून खिशात किंवा कमरेच्या पाऊचमध्ये राहणारी पक्कड आणि तिच्या दोन्ही मुठींत दुमडलेली इतर अवजारं, म्हणजे मल्टिटूल. साधारणपणे त्यात चाकूचं पातं, साधा आणि स्टार स्क्रू ड्रायव्हर, वायर कापायची जागा, कानस, छोटी करवत, कात्री आणि डबा उघडणी असते.

याच्या आधीची पिढी म्हणजे स्विस चाकू. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनर यांनी १८८४ साली सुरी-चाकूंचा कारखाना काढला, तीच आजची व्हिक्टोरिनॉक्स. पण त्या चाकूत दणकट पक्कड नव्हती. अमेरिकेतले मेकॅनिकल इंजिनिअर टिम लेदरमन १९७५ मध्ये जुन्या फियाट गाडीतून युरोप फिरत होते. गाडी सारखी बिघडायची, खिशात चाकू होता, पण पक्कड नव्हती. तिथून कल्पना सुचली. त्यांनी नमुना बनवला आणि कंपन्यांकडे नेला. चाकूवाले म्हणाले हा चाकू नाही, अवजारवाले म्हणाले हे अवजार नाही. शेवटी मित्राला भागीदार करून त्यांनी स्वतःचीच कंपनी काढली आणि १९८३ मध्ये माल बाजारात आणला. कल्पना ते पहिली विक्री, मध्ये आठ वर्षं गेली. नव्या उद्योजकाने ही गोष्टसुद्धा लक्षात ठेवावी.

पहिला प्रश्न: तुम्हाला ते खरंच हवं आहे का?

आधी हे स्पष्ट करूया. मल्टिटूल हे सुट्या अवजारांना पर्याय नाही. तुम्ही दुकानात किंवा गाळ्यात एका जागी बसून काम करत असाल, तर मल्टिटूलवर पैसे घालू नका. त्याच पैशांत चांगली पक्कड, नोज प्लायर आणि स्क्रू ड्रायव्हरचा संच घ्या. आपल्या नाशिकच्या टपारियाची साधी पक्कडही पकड, जोर आणि टिकाऊपणा यांत कुठल्याही घडीच्या पक्कडीपेक्षा सरस ठरते. कारण सरळ आहे, तिला घडी नाही. जिथे घडी तिथे सांधा, आणि जिथे सांधा तिथे झिजायची जागा.

मल्टिटूलचा खरा उपयोग तीन ठिकाणी आहे.

१. तुम्ही शिडीवर, गच्चीवर, शेतात किंवा पोलाजवळ आहात आणि टूल बॅग खाली गाडीला आहे.

२. फक्त पाहणी करायला, कोटेशन द्यायला गेलात. बॅग नेली नाही, पण एक झाकण उघडून बघायचं आहे.

३. सुटं अवजार ऐन वेळी हरवलं किंवा मोडलं, तेव्हाची सोय.

म्हणजे मल्टिटूल हे तुमचं दुसरं अवजार आहे, पहिलं नव्हे. आधी बॅग भरा, मग खिसा.

दुसरा प्रश्न: तुमची कामाची यादी कुठे आहे?

बाजारात "३१ इन १" असं लिहिलेले डबे दिसतात. हे ३१ कसे होतात ते एकदा मोजून बघा. मुठीवर कोरलेल्या खुणा म्हणजे सेंटिमीटरची पट्टी, झाले एक. इंचाची पट्टी, झाले दोन. चावी अडकवायची कडी, झाले तीन. डब्यातली छोटी बिट्स प्रत्येकी एक. शेवटी कामाची अवजारं उरतात सहा-सात, आणि तीही नीट नसतील तर एक ना धड, भाराभर चिंध्या!

त्यामुळे डब्यावरचा आकडा वाचू नका, स्वतःची यादी करा. एक आठवडा वहीत नोंद ठेवा. कोणतं अवजार किती वेळा काढलं, एवढंच. समजा, तुम्ही आरओची सर्व्हिस करता. आठवडाभराची नोंद साधारण अशी निघेल: स्टार स्क्रू ड्रायव्हर २५ वेळा, पाइप कापायला चाकू १५ वेळा, पक्कड १० वेळा, कात्री ६ वेळा. करवत, कानस, डबा उघडणी शून्य वेळा.

आता तुम्हाला कळलं की पैसे कशाचे द्यायचे. तुमच्या मल्टिटूलमध्ये स्टार ड्रायव्हर दणकट हवा आणि चाकूला धार हवी. करवत नसली तरी काही बिघडत नाही. सोलरवाल्याची यादी वेगळी येईल, त्याला केबल टाय कापायचे असतात, अॅलन की लागते. मंडपवाल्याची आणखी वेगळी. दुसऱ्याची यादी बघून खरेदी करू नका.

तिसरा प्रश्न: जास्तीचे पैसे नक्की कुठे जातात?

दोन मल्टिटूल शेजारी ठेवली तर फोटोत सारखीच दिसतात. एक पाचशेचं, एक अडीच हजारांचं. फरक आत असतो, आणि तो मुख्यतः पाच ठिकाणी असतो.

१. पोलाद आणि त्याला दिलेलं पाणी

जवळपास सगळ्या मल्टिटूलवर "स्टेनलेस स्टील" लिहिलेलं असतं. तेवढ्याने काहीच कळत नाही. पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असलं की त्याला स्टेनलेस म्हणतात. घरातली वाटीही स्टेनलेसच आणि सर्जनचा चाकूही स्टेनलेसच!

पात्याची धार टिकते ती कार्बनमुळे आणि पाणी दिल्यामुळे. गावातला लोहार विळ्याला पाणी देतो तेच हे, फक्त कारखान्यात ते मोजूनमापून करतात. चिनी पोलादांच्या नावातच बरीच माहिती असते. ३सीआर१३ म्हणजे साधारण ०.३ टक्के कार्बन आणि १३ टक्के क्रोमियम. ५सीआर१५एमओव्ही म्हणजे साधारण ०.५ टक्के कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम. पहिला आकडा मोठा, तर धार जास्त टिकण्याची शक्यता. लेदरमनच्या बऱ्याच मल्टिटूलमध्ये ४२०एचसी हे पोलाद वापरतात, तेही साध्या ४२० पेक्षा जास्त कार्बनचं असतं. नुसतं "४४०" लिहिलं असेल तर सावध राहा, कारण ४४० चे ए, बी, सी असे प्रकार आहेत आणि त्यांच्यात फरक आहे.

कडकपणा मोजायचं माप आहे रॉकवेल, त्याला एचआरसी म्हणतात. इथे एक गंमत बघा. व्हिक्टोरिनॉक्स आपल्या चाकूतल्या सगळ्या भागांना सारखं कडक करत नाही. पातं ५६ एचआरसी, कात्री आणि करवत ५३, स्क्रू ड्रायव्हर ५२ आणि आतली स्प्रिंग ४९. असं का? पात्याला धार धरायची असते, म्हणून ते कडक. ड्रायव्हरला पीळ सोसायचा असतो. तो फार कडक केला तर तुकडा पडेल. स्प्रिंगला लवायचं असतं. स्वस्त मालात एकाच पत्र्यातून सगळे भाग छापून काढतात आणि एकाच भट्टीतून नेतात. मग पातं बोथट होतं आणि ड्रायव्हरचं टोक पिळवटतं. तुम्ही जास्त पैसे देता ते या वेगवेगळ्या पाण्याचे.

२. पक्कडीचा जबडा

जबडा ओतीव आहे, दाबून घडवलेला आहे की नुसता पत्र्याचा, यावर सगळा जोर अवलंबून. जबड्याच्या मुळाशी, जिथे दोन भाग एकमेकांवर फिरतात, तिथे धातू पातळ असेल तर पहिल्याच घट्ट नटाला तो वाकतो. दोन्ही टोकं एकमेकांवर बरोबर बसत नसतील, तर बारीक तार पकडताच येत नाही.

३. सांधे

भाग जोडलेत रिव्हेटने की स्क्रूने? रिव्हेट वाईट नसतो, चांगल्या कंपन्याही वापरतात. पण तो सैल झाला की घरी घट्ट करता येत नाही. स्क्रू असेल तर पाव फेरा आवळला की काम झालं. कमी किमतीचं घ्यायचं असेल तर स्क्रूचा सांधा बघून घ्या, आयुष्य वाढतं.

४. लॉक

हा मुद्दा पैशांचा नाही, बोटांचा आहे. पातं किंवा करवत उघडल्यावर ती अडकून राहिली पाहिजे. लॉक नसेल किंवा ढिलं असेल, तर जोर लावताना पातं उलटं मिटतं आणि बोटावर येतं. हातावर पोट असलेल्या माणसाचं बोट कापलं तर पुढच्या आठवड्याचं काम गेलं. त्यामुळे लॉकवर तडजोड नाही.

५. मूठ आणि कडा

स्वस्त मालात पत्रा कापल्यावर कडा घासत नाहीत. दाबलं की तळहातात रुततं. मूठ रुतत असेल तर तुम्ही पूर्ण जोर लावूच शकत नाही, मग जबडा कितीही चांगला असो.

किमतीचे तीन थर

बाजारात ढोबळमानाने तीन थर दिसतात. आकडे दुकानानुसार आणि सेलनुसार बदलतात, पण अंदाजासाठी पुरेसे आहेत.

पहिला थर: साधारण ३०० ते ७००. बहुतेक वेळा नाव नसलेला माल, किंवा एकच माल दहा नावांनी.

दुसरा थर: साधारण १,५०० ते ४,०००. इथे पोलादाचं नाव सांगणाऱ्या, काही काळाची वॉरंटी देणाऱ्या कंपन्या भेटतात. यात आता चिनी ब्रँडही आहेत आणि त्यातले काही उत्तम काम करतात. "चिनी म्हणजे टाकाऊ" हे समीकरण डोक्यातून काढा. तिथे दोन्ही प्रकारचा माल बनतो, आपण कोणता मागवतो हा प्रश्न आहे.

तिसरा थर: दहा हजारांच्या पुढे. नामांकित अमेरिकन आणि स्विस कंपन्या. लेदरमन बहुतेक मल्टिटूलवर २५ वर्षांची वॉरंटी देते. व्हिक्टोरिनॉक्स धातू आणि बनावटीतल्या दोषासाठी आजीवन हमी देते. मात्र वापरातली झीज आणि चुकीचा वापर त्यात धरत नाहीत.

आता खरा हिशोब

वही-पेन घ्या. सूत्र सोपं आहे:

वर्षाचा खरा खर्च = (किंमत ÷ किती वर्षं टिकेल) + मोडल्यामुळे बुडालेलं काम

समजा, तुम्ही सीसीटीव्हीचं काम करता आणि रोज वापर आहे. आकडे उदाहरणासाठी घेतलेत, तुम्ही तुमचे टाका.

पर्याय अ: ५०० रुपयांचं, चार महिने टिकलं. वर्षाला तीन लागतील, म्हणजे १,५०० रुपये. तीनपैकी दोन वेळा ते ऐन साइटवर मोडलं असं धरू. परत जाण्या-येण्याचं पेट्रोल १०० आणि अर्धा दिवस वाया गेल्याचे ५००, म्हणजे एका वेळेचे ६००. दोन वेळचे १,२००. वर्षाचा खरा खर्च झाला २,७०० रुपये.

पर्याय ब: २,४०० रुपयांचं, चार वर्षं टिकलं. वर्षाला ६०० रुपये.

पर्याय क: १४,००० रुपयांचं, वीस वर्षं टिकलं. वर्षाला ७०० रुपये.

बघा, पाचशेचं मल्टिटूल या तिघांत सगळ्यात महाग निघालं! आणि यात आपण ग्राहकाच्या मनात जे उतरलं ते धरलेलंच नाही. कारागिराच्या हातात अवजार मोडलं की समोरचा माणूस कारागिराकडेच संशयाने बघतो.

मग आता थेट चौदा हजारांचं घ्यावं का? थांबा. हिशोबाची दुसरी बाजू राहिली आहे. छोटी वस्तू मोडण्याआधी बऱ्याचदा हरवते. गच्चीवर राहते, कोणी "जरा द्या" म्हणून घेतं ते परत येत नाही, दुचाकीवरून पडते. समजा, दोन वर्षांनी हरवलं. पर्याय ब चा खर्च वर्षाला १,२०० झाला. पर्याय क चा झाला ७,०००! वॉरंटी २५ वर्षांची असली तरी हरवलेल्या वस्तूला वॉरंटी नसते.

शिवाय धंद्याच्या पहिल्या वर्षी १४,००० रुपये म्हणजे काय? चांगली ड्रिल मशीन, शिडी आणि सुट्या भागांचा साठा. तो पैसा खिशात घडी घालून ठेवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

म्हणून रोज फिरतीवर असलेल्या बहुतेक नव्या व्यावसायिकांना दुसरा थर परवडतो. ज्याला महिन्यातून एकदा-दोनदाच लागणार, त्याने पहिल्या थरातलं नीट तपासून घेतलं तरी चालेल, कारण त्याच्याकडे ते चार महिन्यांत मोडणार नाही. आणि ज्याचा धंदा बसला आहे, वस्तू सांभाळायची सवय आहे, त्याने तिसऱ्या थरातलं खुशाल घ्यावं. किंमत बरोबर की चूक हे वापरावर ठरतं, वस्तूवर नाही.

दुकानात करायच्या सात तपासण्या

दुकानदाराला विचारून, त्याच्यासमोरच करा. पाच मिनिटं लागतात.

१. पक्कड मिटवून उजेडासमोर धरा. टोकं एकमेकांवर बरोबर बसली पाहिजेत. टोकाशी फट दिसली तर ठेवून द्या.

२. कागद पकडून ओढा. सहज निसटला तर बारीक तारही निसटणार.

३. दोन्ही मुठी धरून जबडा डावीकडे-उजवीकडे हलवा. नवीन असतानाच डुगडुगत असेल तर दोन महिन्यांनी काय होईल?

४. प्रत्येक अवजार नखाने उघडा. एक उघडताना शेजारची दोन बाहेर येत असतील तर काम करताना वैताग येतो. नख तुटेल इतकं घट्टही नको.

५. पातं उघडून लॉक लागल्याचा आवाज ऐका. मग पात्याची मागची, धार नसलेली बाजू लाकडी काउंटरवर हळूच दाबा. लॉक सरकता कामा नये. बोटं पात्याच्या वाटेत ठेवू नका.

६. स्टार ड्रायव्हर एखाद्या खऱ्या स्क्रूमध्ये बसवून बघा. खिशात एक नेहमीच्या मापाचा स्क्रू घेऊनच जा. टोक स्क्रूच्या खाचेत डळमळलं तर तो स्क्रूही खराब करणार.

७. पात्याला लोहचुंबक लावा. धारेसाठी पाणी देता येणारं स्टेनलेस चुंबकाला चिकटतं. पातं चिकटलंच नाही, तर ते वाटी-ताटाच्या जातीचं स्टेनलेस असू शकतं, किंवा जस्ताचं ओतीव. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! मात्र हे उलट धरू नका. चिकटलं म्हणजे उत्तमच, असं नाही. ही तपासणी फक्त फसवा माल बाहेर काढते.

ऑनलाइन घेत असाल तर

हातात धरता येत नाही, म्हणून कागद बघा. आयात वस्तूच्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि कोणत्या देशात बनली हे असणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि ऑनलाइन विकतानाही मूळ देश सांगावा लागतो. ही माहिती जिथे गायब, तिथून घेऊ नका. वॉरंटी मागायची वेळ आली तर दार कोणाचं ठोठावणार?

पाच तारेवाली परीक्षणं कमी वाचा, दोन आणि तीन तारेवाली जास्त वाचा. काय मोडलं, किती दिवसांनी मोडलं, हे तिथेच कळतं. नामांकित कंपनीचं मल्टिटूल निम्म्याहून कमी किमतीत दिसलं तर ते बहुधा नक्कल असतं. परत करायची मुदत किती आहे ते आधी बघा. पार्सल उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. मुदतीतच वरच्या तपासण्या करून टाका, "नंतर बघू" म्हणत डबा कपाटात ठेवू नका. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

सुरक्षितता आणि कायदा: हे टाळू नका

मल्टिटूलची मूठ धातूची असते. घरातल्या २३० व्होल्टच्या चालू लाइनवर ते कधीही वापरायचं नाही. मुठीवर प्लास्टिकची पट्टी आहे म्हणून ते इन्सुलेटेड होत नाही. विजेच्या कामाला १,००० व्होल्टची खूण असलेली खरी इन्सुलेटेड अवजारंच घ्या, आणि तरीही मेन स्विच बंद करून, टेस्टरने तपासूनच हात घाला.

विमानप्रवासात मल्टिटूल हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इन सामानात टाका. नाहीतर सुरक्षा तपासणीत ते काढून घेतील. मेट्रो, न्यायालय, सरकारी कार्यालय अशा जिथे तपासणी होते तिथेही अडवू शकतात. शस्त्र कायद्यात ९ इंचांपेक्षा लांब पात्याच्या चाकूंचा उल्लेख आहे, मल्टिटूलचं पातं त्याहून खूप लहान असतं. पण सणासुदीला किंवा तणावाच्या वेळी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रं, चाकू बाळगण्यावर मनाई आदेश निघतात. अशा दिवसांत ते कमरेला मिरवू नका. टूल बॅगेत ठेवा आणि कामाचा मेसेज किंवा जॉब कार्ड मोबाइलमध्ये असू द्या.

आयुष्य वाढवायचं असेल तर

स्टेनलेस म्हणजे गंजणारच नाही असं नाही, उशिरा गंजतं एवढंच. कोकणातली खारी हवा, पावसाळा आणि घाम हे तिन्ही त्याचे शत्रू. आठवड्यातून एकदा जुन्या टूथब्रशने सांध्यातली माती काढा, कोरडं पुसा आणि प्रत्येक सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा. पाण्यात पडलं तर पूर्ण वाळवून मगच घडी घाला. पक्कडीचा हातोडा करू नका आणि पात्याने स्क्रू फिरवू नका. दोन हजारांचं मल्टिटूल दोन महिन्यांत मोडायचा हाच हमखास मार्ग आहे.

बिल घ्याच

"बिलाशिवाय पन्नास रुपये कमी करतो" या वाक्याला भुलू नका. बिल नाही तर वॉरंटी नाही. तुमची जीएसटी नोंदणी नियमित पद्धतीची असेल, तर बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक टाकून घ्या, म्हणजे भरलेल्या कराचं क्रेडिट मिळू शकतं. कंपोझिशन योजनेत ते मिळत नाही. नोंदणी नसली तरी खरेदी धंद्याच्या खर्चात लिहा. घरखर्च आणि धंद्याचा खर्च वेगळा ठेवायची सवय अशा छोट्या वस्तूंपासूनच लागते.

यातून धंद्याचा धडा काय?

मित्रांनो, कोणतंही साधन विकत घेताना तीन प्रश्न विचारा.

एक, हे मी महिन्यातून किती वेळा वापरणार?

दोन, हे ऐन वेळी बंद पडलं तर माझं किती नुकसान होईल?

तीन, हे हरवलं किंवा बुडालं तर माझा धंदा तो धक्का सोसेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर "रोज" असेल तर दर्जा वाढवा. दुसऱ्याचं उत्तर मोठं असेल तर आणखी वाढवा. तिसऱ्याचं उत्तर "नाही" असेल तर एक पायरी खाली या. स्वस्त आणि किफायतशीर हे दोन वेगळे शब्द आहेत. स्वस्त हे दुकानात कळतं, किफायतशीर हे वर्षाच्या शेवटी कळतं.

या आठवड्याची कृती: उद्यापासून सात दिवस वहीत तुमच्या अवजारांची नोंद ठेवा. आठव्या दिवशी वरचं सूत्र तुमच्या आकड्यांनी भरा. मग खिशात तो एक स्क्रू टाका आणि दुकानात जा.

भेटूया पुढच्या लेखात. तोवर हिशोब लिहीत राहा, धंदा वाढवत राहा.